अकरावी ओळ

१ सप्टेंबर, रविवार

लग्नानंतरचा पहिला हिवाळा आम्ही इथेच, रॉकव्हिलमध्ये, दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये काढला. कपडे धुवायला कोपऱ्यावरच्या लाँड्रोमॅटमध्ये जायचो, शनिवारी सकाळी. ड्रायरमधून पांढरी डबल चादर निघाली की दोन टोकं यांच्या हातात, दोन माझ्या. हे मागे सरकायचे, चादर ताणायचे, मग दोघंही एकेक पाऊल पुढे येऊन टोकाला टोक जुळवायचो. बाहेर बर्फ आणि हातात ती गरम चादर. घडी झाली तरी लगेच खाली ठेवावीशी वाटायची नाही. या सगळ्यात एक शब्द नसायचा. त्र्यंबक मुळातच कमी बोलणारे. यांचं न बोलणं वाचायला मी त्या लाँड्रोमॅटमध्ये शिकले, आणि छत्तीस वर्षांत माझं वाचन फारसं चुकलेलं नाही.

आज कपाट आवरताना एकटीने चादरींच्या घड्या घालत होते म्हणून आठवलं. एकटीने घातलेली घडी कधी सरळ येत नाही.

तीस तारखेला मी निवृत्त होते आहे. मग हे घर विकून मॉरिसव्हिलला जायचं, स्वानंदीच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. एकुलती एक मुलगी, तिची दोन मुलं, शेजारी सगळे पुण्या-नागपूरचे, चालत जाता येईल असं देऊळ. जेवताना मी यांना सगळं नीट सांगितलं, एजंट कधी येईल, काय न्यायचं, काय द्यायचं. यांनी कोशिंबीर संपवली, ताट धुतलं आणि खाली बेसमेंटमध्ये आपल्या सुतारकामाच्या टेबलाशी गेले. नाही म्हणाले नाहीत. तेव्हा ठरलं.

ही वही शेवटच्या महिन्यासाठी. बावीस वर्षं मी समन्वय कक्षात नोंदी ठेवल्या, पण स्वतःच्या कधी लिहिल्या नाहीत.

लोकांना टीव्हीवर राष्ट्राध्यक्ष दिसतात, लांबट टेबल दिसतं आणि भोवती मंत्री. त्या टेबलापर्यंत कागद कसा येतो ते कोणी विचारत नाही. तो आमच्या कक्षातून येतो. एका खात्याने काही मांडलं की आम्ही ते बाकी चौदा खात्यांना पाठवतो, त्यांचं मत मागवतो आणि सगळ्यांची उत्तरं एका पिवळ्या पानावर घेतो. पंधरा ओळी, खात्यांच्या वयाच्या क्रमाने. मंत्री टेबलाशी बसतात तेही त्याच क्रमाने. खाली नोंद ठेवणाऱ्याची सही. म्हणजे माझी. पाच प्रमुख आले आणि गेले, पिवळं पान राहिलं, मीही राहिले.

४ सप्टेंबर, बुधवार

सध्या पानावर माजी सैनिकांच्या दवाखान्यांचा कागद आहे. डोंगराळ भागातले नऊ छोटे दवाखाने बंद करायचे आणि तिथल्या रुग्णांना जवळच्या मोठ्या इस्पितळाशी जोडायचं. वाचायला सरळ वाटतो. मोठ्या इस्पितळात यंत्रं चांगली, डॉक्टर जास्त. येत्या सतराला बैठकीत यायचा आहे.

दुपारी कॅल्विनचा फोन. हा रस्त्यांच्या खात्याचा आमच्याशी बोलणारा माणूस, पन्नाशीचा, टेनेसीचा, सावकाश बोलतो. गेली नऊ वर्षं आम्ही फोनवरच भेटतो. म्हणाला, नऊपैकी एका ठिकाणच्या रस्त्याबद्दल त्याला शंका आहे, तिथल्या माणसांना विचारून लिहून पाठवतो, तोवर माझी ओळ बंद करू नकोस. मी म्हटलं, उद्या पाचपर्यंत. तो हसला आणि म्हणाला की लताच्या घड्याळापेक्षा रेल्वे बरी, ती निदान उशिरा तरी येते.

निमिषला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. निमिष आमचा उपप्रमुख, छत्तीस वर्षांचा, क्युपर्टिनोत वाढलेला, आईवडील पुण्याचे. चारचौघांत मला लता म्हणतो, दोघंच असलो की लताकाकू. आज माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "काकू, तुमची लिस्ट आणि माझ्या आईची गराजची लिस्ट, या दोन गोष्टींना मी घाबरतो." मग हळूच विचारलं, उद्या पान पूर्ण होईल ना? वरच्या ऑफिसला त्याने शब्द दिलाय.

मी म्हटलं, माझं पान कधी अपुरं गेलंय का?

५ सप्टेंबर, गुरुवार

पाच वाजता चार ओळी कोऱ्या होत्या. दुसरी, सातवी, बारावी, आणि कॅल्विनची अकरावी.

आमच्याकडे पद्धत आहे, माझ्या आधीपासूनची. गुरुवारी पाचपर्यंत उत्तर आलं नाही, तर त्या खात्याला काही म्हणायचं नाही असं समजायचं आणि ओळीवर 'आक्षेप नाही' लिहायचं. पद्धत वाईट नाही. ती नसेल तर मोठी खाती गप्प बसूनच निम्मे कागद मारतील. तीन ओळी मी नेहमीप्रमाणे भरल्या.

अकरावीशी पेन थांबलं. पाच वाजून चार मिनिटांनी कॅल्विनला फोन केला, त्याने उचलला नाही. निमिष दारात उभा होता, कोट अंगात, फाइल न्यायला. मी लिहिलं. आक्षेप नाही. खाली सही केली.

खरं लिहायचं तर निमिषची भीती नव्हती. सत्तावीस तारखेला माझा निरोप आहे. प्रमुखबाई दोन शब्द बोलणार आहेत आणि ते मला ठाऊक आहेत, कारण मसुदा चुकून माझ्याच ट्रेमध्ये आला होता. 'बावीस वर्षांत एकही पान उशिरा गेलं नाही.' ते वाक्य मला हवं होतं.

६ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी नऊ वीसला कॅल्विनचं टिपण आलं. वर दोन ओळींची माफी. काल दुपारी त्याच्या आईला चक्कर आली, तो इस्पितळात होता, फोन गाडीत राहिला.

टिपण दीड पानाचं. एल्क नॅरोज नावाचं गाव. दवाखान्यापासून मोठं इस्पितळ छप्पन्न मैल, आणि आपल्या कागदात तेवढंच लिहिलंय. पण रस्ता एका खिंडीतून जातो आणि खिंड बर्फाने बंद होते. गेल्या हिवाळ्यात एकशे एकेचाळीस दिवस बंद होती. वळसा घालून एकशे नव्वद मैल. दवाखान्यात तीनशे अठरा नावं, त्यातल्या तेवीस जणांना आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं. शेवटी बर्फ काढणाऱ्या गाडीच्या चालकाचं एक वाक्य कॅल्विनने तसंच उतरवलंय. 'यातल्या दोघांना मी स्वतः मागच्या जानेवारीत गाडीच्या केबिनमध्ये बसवून दवाखान्यात नेलं, आणि ते तर गावातल्या गावात होतं.'

फाइल काल साडेपाचलाच वर गेली. तिच्यावर पिवळं पान आहे आणि त्यावर माझ्या अक्षरात लिहिलंय की रस्त्यांच्या खात्याला काही म्हणायचं नाही.

रोझलिनने विचारलं, बरं वाटत नाही का. रोझलिन माझ्या जागी येणार आहे. राष्ट्रीय दफ्तरखान्यातून आलेली, पंचेचाळीशीची, नजरेतून काही सुटत नाही. मी म्हटलं, काही खाल्लं नाही सकाळपासून. तिने आपला अर्धा बेगल माझ्यापुढे ठेवला आणि पुढे काही विचारलं नाही.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसवले. शाडूचा लहानसा, स्वानंदीने पाठवलेला. एकवीस मोदकांपैकी चार उकलले. आरतीला हे, मी आणि फोनच्या पडद्यावर मॉरिसव्हिलची मंडळी. नातू इंग्रजीत म्हणाला, आजी, तुझा गणपती आमच्या गणपतीपेक्षा छोटा आहे. मी सांगितलं, पुढच्या वर्षी एकच आणू, तुमच्याकडे. हे निरांजन सरळ करत होते.

दुपारी बघितलं तर हे स्वयंपाकघराच्या खिडकीची चौकट काढून बसलेले. खालचं लाकूड कुजलंय असं मीच तीन वर्षं म्हणत होते. यांनी ओकची नवी फळी तासून ठेवलीय. घर विकायच्या आधी खिडकी धड असली की बघायला येणाऱ्यांना बरं वाटतं, हे यांना न सांगता कळलं. मला भरून आलं.

कॅल्विनचं टिपण डोक्यातून जात नाही. तेवीस माणसं. आपल्या आरतीला होते त्यांच्या जवळजवळ चौपट.

९ सप्टेंबर, सोमवार

निमिषला सांगितलं. त्याच्या खोलीचं दार लावून, बसून, सगळं. बुधवारचा फोन, कॅल्विनने ओळ बंद करू नको म्हणणं, पाच वाजून चार मिनिटं.

त्याने टिपण दोनदा वाचलं. मग खुर्ची मागे ढकलून म्हणाला, "काकू, टेक्निकली तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही. डेडलाइन पाचची होती. रूल इज रूल."

"नियम उत्तर न आलेल्यांसाठी आहे. याचं उत्तर येणार आहे, हे मला माहीत होतं."

"तुम्हाला फोनवर माहीत होतं. फाइलला माहीत नव्हतं."

हुशार आहे. मग त्याने समजावणीचा सूर लावला. टिपण तो मागच्या दाराने दवाखान्यांच्या खात्याला पाठवेल. ते लोक नंतर, अंमल करताना, एल्क नॅरोजचं बघतील. पिवळं पान मागे घेतलं तर अख्खा विषय बैठकीतून पडेल, वरचे लोक विचारतील की कक्षाच्या पानावर भरवसा ठेवायचा का, आणि हे सगळं तुमच्या शेवटच्या महिन्यात. "तुमच्यासाठीच सांगतोय," म्हणाला. मला वाटतं, अर्धं माझ्यासाठी होतं.

मी विचारलं, अंमल करताना म्हणजे कधी? तो म्हणाला, जानेवारी, फेब्रुवारी. मी म्हटलं, तेव्हा खिंड बंद असते.

त्याने खिडकीबाहेर बघितलं. "लेट मी थिंक," म्हणाला.

१० सप्टेंबर, मंगळवार

निमिषकडून काही नाही. दोनदा माझ्या टेबलावरून गेला, दोन्ही वेळा फोनवर बोलत.

आज दिवसभर स्वतःशी वाद घातला आणि दर वेळी हरले ते एकाच जागी. दवाखान्यांचं खातं नंतर बघेलही. निमिष टिपण पाठवेलही. पण मंगळवारी अध्यक्षांच्या पुढ्यात जे पान असेल त्यावर लिहिलेलं असेल की सगळ्यांना विचारलं आणि कोणालाच अडचण नाही. आमचं कामच तेवढं आहे. आम्ही दवाखाने चालवत नाही, रस्ते बांधत नाही. कोण काय म्हणालं ते खरं लिहायचं, बस. तेच खरं नसेल तर आमच्या कक्षात आहे काय? बाइंडर, पेन्सिली आणि कॉफी.

११ सप्टेंबर, बुधवार

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर रबर वापरू द्यायच्या नाहीत. चूक झाली की त्यावर सरळ एकच रेघ, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर शब्द आणि आपली आद्याक्षरं. गिरगटून टाकलं तर हातावर पट्टी. तेव्हा वाटायचं, किती हा जाच, सगळ्या वर्गाला आपली चूक दिसते. आसावरी, माझी बाकावरची मैत्रीण, ओली बोटं घासून कागदाला भोक पाडायची. आज सकाळी मेट्रोत बसल्या बसल्या काय करायचं ते ठरलं आणि मला फार हलकं वाटलं.

ऑफिसात पोचल्यावर नवं पिवळं पान घेतलं. अकराव्या ओळीत लिहिलं, 'आक्षेप आहे. टिपण सोबत जोडले आहे.' दुसऱ्या, सातव्या आणि बाराव्या ओळीत लिहिलं, 'उत्तर आले नाही.' कारण तेच खरं होतं. एका ओळीचं खरं लिहायचं आणि तीन तशाच ठेवायच्या, हे मला जमेना. मग प्रमुखबाईंना अर्ध्या पानाचं पत्र, की पाच तारखेचं पान मी मागे घेते आहे, चार तारखेला मला फोन आला होता, चूक माझी आहे, उपप्रमुखांना याची कल्पना नव्हती.

ते घेऊन निमिषच्या खोलीत गेले. म्हटलं, "निमिष, हे तुझ्या हातून वर गेलं तर मला आवडेल. दोनपर्यंत गेलं नाही तर मी स्वतः नेईन."

त्याने पत्र वाचलं. शेवटच्या वाक्याशी थांबला. "मला माहीत नव्हतं असं लिहिलंय तुम्ही."

"गुरुवारी नव्हतंच माहीत."

"सोमवारपासून आहे ना."

"ते तू लिही. माझं पान माझ्यापुरतं आहे."

बराच वेळ तो पेपरवेट फिरवत बसला. आई चिडल्यावर मुलं बसतात तसा. मग उठून कोट चढवला, पेन काढलं, माझ्या पत्राच्या खाली उभ्याउभ्या दोन ओळी लिहिल्या आणि काय लिहिलं ते न दाखवता निघून गेला. तेव्हा एक चाळीस झाले होते.

१२ सप्टेंबर, गुरुवार

प्रमुखबाईंनी बोलावलं. आवाज चढवला नाही. त्या कधीच चढवत नाहीत, नुसतं शब्दाशब्दामध्ये अंतर ठेवतात. विचारलं, चार ओळी कोऱ्या असताना कक्षाने चौदा खात्यांची संमती म्हणून कागद पाठवला का? मी हो म्हटलं. असं किती वेळा झालं असेल? मी म्हटलं, माहीत नाही, मोजून सांगते.

बाहेर आल्यावर समजलं की मंगळवारच्या बैठकीची मांडणी माझ्याकडून काढून रोझलिनला दिलीय. नावांच्या पाट्या, टाचणवह्या, टोक केलेल्या पेन्सिली, सगळं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

मग मोजायला बसले. कक्षातल्या प्रती पाच वर्षांच्या असतात. सोळा खोकी.

१४ सप्टेंबर, शनिवार

एजंटबाई येऊन गेल्या. कुरळ्या केसांची उत्साही मुलगी, घरभर फोटो काढत होती. नवी खिडकी बघून म्हणाली, काय सुरेख काम आहे. हे तिथेच उभे होते, मान खाली घातली. तिने बेसमेंटमधलं सुतारकामाचं टेबल हलवाल ना, म्हणजे खोली मोठी दिसेल, असं विचारलं. मी हो म्हटलं.

ती गेल्यावर हे मागच्या अंगणात गेले आणि वाफा खणून लसूण लावला. पाकळ्या लांबवर ओळीत, टोक वर. लसूण इथे पुढच्या जूनमध्ये निघतो. घर ज्यांना मिळेल त्यांना आयता मिळेल. किती मोठं मन असतं काही माणसांचं, आणि ती बोलून दाखवत नाहीत.

संध्याकाळी स्वानंदीचा फोन. मला म्हणाली, "आई, बाबांना विचारलंस का? म्हणजे प्रॉपर विचारलंस का, की नुसतं सांगितलंस?" मी म्हटलं, तुझ्या जन्माआधीपासून यांचं न बोलणं मी वाचते आहे. ती म्हणाली, ओके आई. त्या ओकेत काहीतरी होतं, पण मागून धाकटा ओरडला आणि तिने फोन ठेवला.

१७ सप्टेंबर, मंगळवार

बैठक झाली. मी माझ्या टेबलाशी खोक्यांतली पानं मोजत होते. रोझलिन मांडणी करून आली आणि एवढंच म्हणाली की पेन्सिली तुमच्यासारख्या टोकदार झाल्या नाहीत. खोटं होतं. गोड होतं.

साडेबाराला निमिष आला. दार लावलं नाही, सगळ्यांसमोर माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसला. गेल्या गुरुवारी आणि शुक्रवारी त्याने स्वतः त्या तीन गप्प खात्यांना फोन केले होते. दोघांना खरंच काही म्हणायचं नव्हतं. तिसऱ्याला म्हणायचं होतं, पण त्यांच्याकडे कागद चुकीच्या माणसाच्या टपालात पडून होता. त्यांचं म्हणणं आणखी एका गावाबद्दल, तिथे मोठं इस्पितळच पुढच्या वर्षी दुरुस्तीसाठी बंद राहणार आहे.

कागद बैठकीत गेला, पण नवं पान वर ठेवून. सात दवाखाने बंद होतील. दोन राहतील, एल्क नॅरोज आणि ते दुसरं, पुन्हा विचार होईपर्यंत. पुन्हा विचार दोन वर्षांनी.

"दोन वर्षं म्हणजे दोन हिवाळे, काकू," निमिष म्हणाला. चारचौघांत काकू म्हणाला. त्याला कळलंही नसावं.

सात बंद होतील याचंही वाईट वाटलं. पण त्या सातांबद्दल ज्यांना विचारायचं त्यांना विचारलं होतं आणि त्यांनी उत्तर दिलं होतं. यापलीकडे माझं टेबल जात नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

मोजून झालं. पाच वर्षांत दोनशे सहा पिवळी पानं. त्यातल्या एकशे अठ्ठावन्नांवर निदान एक तरी ओळ अशी, जिथे उत्तर आलं नव्हतं आणि माझ्या अक्षरात 'आक्षेप नाही' आहे. कसं कळलं? ज्यांचं उत्तर आलं त्यांच्या ओळीशेजारी मी तारीख लिहायचे. न आलेल्यांच्या शेजारी तारीख नाही. म्हणजे इतकी वर्षं मलाही फरक माहीत होता, हातालाही माहीत होता.

तक्ता करून प्रमुखबाईंना दिला. त्यांनी तो पूर्ण वाचला. म्हणाल्या, पुढच्या सोमवारपासून तिसरा पर्याय ठेवू, उत्तर आले नाही. आणि तीन कोऱ्या ओळींपेक्षा जास्त असतील तर कागद वर जाणार नाही. मग म्हणाल्या की सत्तावीसच्या कार्यक्रमाचं अजून काही ठरवता येत नाहीये, सगळे फार कामात आहेत. मी म्हटलं, मला समजतं. खरंच समजलं. 'एकही पान उशिरा गेलं नाही' हे वाक्य आता कोणाला म्हणताही आलं नसतं.

कॅल्विनचा फोन आला. त्याची आई घरी आलीय. बराच वेळ खोकला, घसा साफ केला आणि म्हणाला, लता, नऊ वर्षांत आपण एकदाही कॉफी प्यालो नाही, ही काही चांगली समन्वयाची रीत नाही. बुधवारी जाणार आहोत.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

केक होता. रोझलिनने आणला, खोलीतच कापला, सात जण. निमिष बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, काकूंनी मला एक पान मागे घ्यायला शिकवलं, आणि मला वाटतं या इमारतीत ते फार कोणाला येत नाही. मग त्याला पुढचं सुचेना, म्हणून केक मोठा कापला.

११ तारखेला माझ्या पत्राखाली त्याने काय लिहिलं होतं ते आज दफ्तरात लावताना वाचलं. 'सोमवारपासून मला माहीत होते. दोन दिवस मी थांबवले.'

२९ सप्टेंबर, रविवार

उद्या शेवटचा दिवस. कोणाला काय, ते आज लिहून ठेवते, म्हणजे उद्या घाई नको.

खात्यांच्या माणसांची पत्त्यांची पेटी रोझलिनला. कार्डं माझ्या अक्षरात आहेत, काही मराठीत, तिला समजणार नाहीत. कॅल्विनच्या कार्डावर मागे आज इंग्रजीत लिहिलंय, 'हा सावकाश बोलतो. थांबावं.'

खिडकीतलं मनीप्लांट निमिषला. पाणी सोमवारी आणि गुरुवारी. तो विसरेल, म्हणून रोझलिनलाही सांगितलंय.

खुर्चीवरचं राखाडी स्वेटर खास कोणाला नाही, एसीखाली बसणाऱ्या कोणालाही चालेल, तिथेच राहू द्यावं.

घरातलं. मोठा कुकर, पुरणयंत्र आणि गणपतीचा चौरंग स्वानंदीला. माझी जुनी शाळेची प्रगतिपुस्तकं नातीला, तिने मागितलीत, गणितात मला किती कमी मार्क पडायचे ते तिला बघायचंय. पांढऱ्या चादरी आसावरीच्या भाचीला, ती पुढच्या महिन्यात बेलव्ह्यूहून इकडे बदलून येतेय, नवं घर मांडतेय.

यांची हत्यारं, टेबल, रंधे, पटाशा: जावयाला, असं मी पंधरा दिवसांपूर्वी कच्च्या यादीत लिहिलं होतं. आज त्यावर सरळ रेघ मारली. काल हे रंध्याला तेल लावत होते, पातं काढून, पुसून, पुन्हा बसवून, जसं काही सोमवारी कामावर जायचंय. मी पायरीवरून बघत होते. काय ते नीट वाचता आलं नाही. आज चहाला यांना विचारणार आहे, सांगणार नाही, विचारणार. उत्तर यायला वेळ लागला तरी चालेल. एजंटबाईंना फोन करून कळवलंय की बुधवारी कोणाला घर दाखवायला आणू नका. तोवर ही ओळ कोरी.

ऑफिसातलं शेवटचं. दवाखान्यांच्या कागदाची फाइल राष्ट्रीय दफ्तरखान्यात जाईल, रोझलिनच्या हस्ते. पाच तारखेचं पिवळं पान आणि अकरा तारखेचं पिवळं पान, दोन्ही एका टाचणीत. टाचणी काढू नये. रोझलिनने विचारलं होतं, वर कुठलं ठेवू? चुकीचं वर ठेवावं. त्यावर माझी सही जास्त स्पष्ट आहे.